फॉक्सफेस, शेवाळ आणि माझी चिमूट

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून क्लिनिकमधल्या फिश टँकचा कारभार शास्त्रीय पद्धतीने चालेल. आधीही मीच बघत होतो, पण मोकळेपणाने.
टँक खाऱ्या पाण्याचा, चारशे लिटरचा, वेटिंग रूममध्ये. शेवाळ जरा वाढलंय. हिरव्या द्राक्षांच्या घडांसारखं दिसतं, आणि चारही काचांना टेकलंय. आत दोन क्लाउनफिश आहेत. म्हणजे असावेत. शेवटचं दर्शन जानेवारीत.
क्लिनिक आम्हा नवराबायकोचं. दोघंही दातांचे डॉक्टर, केबिन शेजारी शेजारी. बायको म्हणाली, महिनाअखेरपर्यंत मासे दिसले नाहीत तर टँक जाईल आणि तिथे खुर्च्या येतील, तिचे पेशंट उभे राहतात म्हणे. माझे पेशंट कधीच उभे राहत नाहीत. याला नियोजन म्हणतात.
टँक मी आणला होता. या क्लिनिकमध्ये मी केलेली आणि सगळ्यांना आवडलेली ती एकच गोष्ट.
हे वाक्य नंतर खोडणे.

४ फेब्रुवारी
माशांच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, साहेब, आधी हाताने उपटा, मग मासा सोडा. मी म्हटलं, उपटायचं काम दिवसभर करतो, इथे बुद्धी वापरू. त्याने फॉक्सफेस सुचवला, असलं जाड शेवाळ तोच खातो म्हणाला. मला मात्र शेजारचा ब्लेनी मासा आवडला. चेहरा विचारी आहे. दुकानदार म्हणाला, तो फक्त काचेवरचा पातळ थर चाटतो. मी म्हटलं, सुरुवात कुठून तरी होतेच.
ब्लेनी आणला.

९ फेब्रुवारी
ब्लेनी विचारच करतोय. दगडावर हनुवटी टेकून पाच दिवस बसलाय. रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, सर, हा अगदी तुमच्यावर गेलाय. निरीक्षणशक्तीबद्दल म्हणाल्या असाव्यात.
शेवाळ आता झाकणाला लागतंय.

११ फेब्रुवारी
फॉक्सफेस आणला. माझा मूळ विचार हाच होता. पिवळाधमक, तोंडावर काळे-पांढरे पट्टे. दुकानदाराने दोनदा बजावलं, पाठीवरचे काटे विषारी असतात, हात सांभाळा. आणि तीनदा बजावलं, क्लाउनफिशना दिवसाआड चिमूटभर दाणे, बस्स. याचं पोट भरलं तर हा शेवाळाकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हटलं, माझी शिस्त तुम्हाला माहीत नाही. तो म्हणाला, माहीत नाही म्हणूनच सांगतोय.

१२ फेब्रुवारी, सकाळ
फॉक्सफेसचा रंग उडालाय. अंगभर डाग, कोपऱ्यात तोंड खुपसून उभा. नव्या घरी पहिल्याच दिवशी कामाला जुंपायचं, तेही उपाशीपोटी? आपल्याला नाही जमत. चिमूटभर दाणे टाकले. निव्वळ स्वागत म्हणून.

१२ फेब्रुवारी, दुपार
खाल्ले! आणखी एक चिमूट. शाबासकी.

१५ फेब्रुवारी
मी केबिनमधून बाहेर आलो की फॉक्सफेस काचेशी धावत येतो. इतक्या आनंदाने माझ्याकडे आजवर कोणी आलेलं नाही. अर्थात आमच्या धंद्यात ते स्वाभाविक आहे. दिवसाला पाच चिमटी.
शेवाळ वाढतंय. हवामान.

१७ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, दिवसातून किती वेळा खायला घालतोस रे त्यांना? म्हटलं, दिवसाआड एकदा. ताई खोकल्या. त्यांना एकदा तपासून घ्यायला सांगितलं पाहिजे.

१८ फेब्रुवारी, सकाळी नऊ
संकल्प. आजपासून एक दाणा नाही. अकरा दिवस उरलेत. निर्दय व्हायचं.

१८ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ
त्याने माझ्याकडे पाहिलं.

१९ फेब्रुवारी (डाव्या हाताने)
हातावरून भरवायला गेलो. तो लाडात वळला आणि काटा तळव्यात. हात फुगून टम्म. बायकोने माझा हात गरम पाण्यात धरून ठेवला, चाळीस मिनिटं, तिचे पेशंट खोळंबले होते तरी. एक शब्द बोलली नाही. मग एकदम सगळं बोलली. निकाल: २८ पर्यंत मी घरी. झाकणाला कुलूप, किल्ली तिच्या पर्समध्ये, दाणे ताईंच्या ताब्यात. माझे पेशंट ती बघणार. तिघेही.

२३ फेब्रुवारी
जीव टांगणीला. तिकडे मासा उपाशी मरतोय आणि मी इकडे टीव्ही बघतोय. क्लिनिकला फोन केला. ताई म्हणाल्या, मॅडम कामात आहेत. विचारलं, मासा? म्हणाल्या, तोही कामात आहे.

२८ फेब्रुवारी
हात बरा. क्लिनिकला गेलो. काच लख्ख. दगड दिसतात, दोन्ही क्लाउनफिश दिसतात, मागची भिंतसुद्धा दिसते. फॉक्सफेस कडेचं उरलंसुरलं शेवाळ तोडत होता. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. वेटिंग रूममधली सगळी पोरं टँकभोवती, रडायचं विसरून.
बायको केबिनच्या दारात येऊन म्हणाली, टँक राहतोय. मी म्हटलं, बघितलंस, निवड अचूक होती, फक्त वेळ द्यायला हवा होता. ती म्हणाली, हो. माझ्या खांद्यावर हात ठेवला. किल्ली मागितली तर हात काढला.
टँकपाशी एक मुलगी होती, वय सहा, गाल सुजलेला, नाक काचेला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. तिने विचारलं, माशांना खायला घालायची ज्यांना बंदी आहे ते काका तुम्हीच ना? मला ताईंनी सांगितलं. मी म्हटलं, अगं, मी इथला डॉक्टर आहे.
तिने मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, डॉक्टर आत आहेत. घाबरू नका, त्या हळू काढतात. पण नंबर आधी माझा.
मी बरं म्हटलं.