उजव्या नाकपुडीतली नथ

रविवार, ता. १५ नोव्हेंबर १८९६

आले ते — वनदेवीची छापील चित्रे पन्नास, कर्जतहून. खोट्या जरीच्या लडी चार, एक रुपया दोन आणे. पितळी टिकल्या पाव शेर, नऊ आणे. हिरव्या रेशमाच्या चिंध्या शिंप्याकडून, घासाघीस करून तीन आणे. खळीला मैदा घरचा. धोंडू हमालाला एक आणा. त्याने दोन मागितले!

दिवाळी झाली आणि छापखाना कर्जतला हलला. मांडवीकडे गाठीच्या तापाने माणसे पटापट जाताहेत. कामगार पळू लागले, तेव्हा मॅनेजर दौलतरावांनी छपाईचे दगड, शाई, यंत्रे सगळे गाडीत घातले. चित्रे काढणारे म्हणून आमच्या घरच्यांनाही नेले. नवऱ्याचे नाव घेत नाही, वहीतसुद्धा नाही. मी इथेच. चित्रांना जर-टिकल्या लावायचे काम माझे, आणि सजवलेली चित्रे घेणारी गिऱ्हाइके गिरगाव-भुलेश्वरची. निघताना इकडून सांगणे झाले — "बोलावल्याशिवाय येऊ नकोस. तिथे धड खोली नाही."

वनदेवी पाहिली. अंगावर गुंजभर सोने नाही. गिऱ्हाइकाला तर पायापासून डोक्यापर्यंत जर हवी! पण इकडचे म्हणणे नेहमी असे — "रानात राहणारीला जर कुठून? पदराला काटा अडकलेला दाखव, म्हणजे ती किती चालून आली ते कळतं." काटा आहे. अगदी बारीक, काठाजवळ. म्हणून जर फक्त काठाला लावीन, काटा झाकणार नाही.

पायाशी आमचा पोचा पडलेला तांब्या. समईला दोन वाती. आणि नाकात माझी नथ, खालच्या मोत्याचा टवका उडालेली. मोती बदलायला सोनार दीड रुपया सांगतो. मी बदलीत नाही. तर इकडून काढलेल्या प्रत्येक बाईच्या नाकात तीच, टवक्यासकट! समोरच्या खोलीतली दुर्गा टिकल्या लावायला बसते, ती हसते — "तुझा चिकटपणा लोकांच्या भिंतींवर जाऊन बसला गं, मंजुळे."

इकडच्या स्वारीला पत्र लिहायचा भारी कंटाळा. पण चित्रात घरातले काही दिसले की मी समजते, खुशाल आहेत.

गुरुवार, ता. १९ नोव्हेंबर

नळाजवळ दोन उंदीर मरून पडलेले. देवाचे नाव घेत बाजूने गेले. घागर अर्धीच भरली.

रविवार, ता. २९ नोव्हेंबर

यक्षकन्येची चित्रे पन्नास आली. बरोबर कार्ड. "प्रकृती ठीक. थंडी आहे. जर कमी लाव." पैशाच्या कार्डात तीन वाक्ये! बाकीची जागा कोरी. मला ती कोरी जागा बघवत नाही.

चित्र मात्र पाहत राहावे असे. मोठा महाल, मखमली पडदे. पिंजरा उघडा, पोपट नाही. तिच्या एका पायात पैंजण, दुसरे गालिच्यावर पडलेले. कोणी तरी निघून गेले आहे आणि ती धावली आहे. हे सांगायला तिच्या डोळ्यांत पाणी नाही काढले. पैंजण काढून ठेवले!

नथ आहे. टवका आहे. पण समईला एकच वात.

दुर्गाला दाखवले. म्हणाली, "एकटेच आहेत ना तिथे, म्हणून एक वात."

"की विझली?"

"अगं, चित्रातल्या समईवरून नवऱ्याची नाडी बघतेस? वैद्यकी सुरू कर. पैसे तरी मिळतील!"

हसले. पण आज देवापुढे समईत दोन वाती लावल्या, आणि त्या संपेपर्यंत तिथून उठले नाही.

रविवार, ता. ६ डिसेंबर

पुडके नाही. कार्ड नाही. तळमजल्याच्या दोन खोल्यांना कुलपे लागली. एकीतली माणसे गावाला गेली. दुसरीतली कुठे गेली ते कोणी बोलत नाही.

गुरुवार, ता. १० डिसेंबर

मार्गशीर्षातली गुरुवारची पूजा मांडीत होते, तेवढ्यात टपालवाल्याची हाक. हात ओले, तशीच धावले.

कार्ड दौलतरावांचे. "आपले यजमान खुशाल. काम फार, म्हणून लिहिण्यास सवड नाही. काळजी नसावी."

इतकी वर्षे काम फार नव्हते की काय? तीन वाक्ये लिहायला किती सवड लागते? काळजी नसावी — हे ज्याला काळजी नसते त्याला कोण लिहितो?

पूजा झाली, पण कहाणी वाचताना दोन ओळी गळल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचली.

रविवार, ता. २० डिसेंबर

जलकन्येची चित्रे शंभर आली. वरचे उचलले आणि खाली ठेवले. पुन्हा उचलले.

नथ उजव्या नाकपुडीत!

नीट लिहून काढते, म्हणजे डोके ठिकाणावर राहील. दगडावर चित्र उलटे काढावे लागते, तेव्हा कागदावर सुलटे उठते. माणसाची आकृती, पदर, हात हे आधी कागदावर काढून मग दगडावर उतरवतात, ते चुकत नाही. पण दागिने, समई, भांडी इकडून शेवटी काढायची, थेट दगडावर, मनाने. त्या वेळी डाव्या हातात आरसा. उजव्या हाताने एक रेघ ओढायची, आरशात बघायचे, मग दुसरी. आरसा माझ्या फणीकरंड्यातला. कर्जतला जाताना तोही नेला आणि मी कुंकू लावते ते तांब्यातल्या पाण्यात बघून. अकरा वर्षांत एक बांगडी इकडची तिकडे झालेली नाही. शिकाऊ हाताचीच ही चूक.

आणि सावलीच्या रेघा! इकडच्या रेघा एका बाजूला झुकतात, मी मिटल्या डोळ्यांनी सांगेन. या उलट्या झुकल्या आहेत.

दुसऱ्या कोणाचा हात आहे. मग इकडचा हात कुठे आहे?

दुर्गा म्हणाली, "नवा माणूस ठेवला असेल, काम वाढलं म्हणून."

"मग कार्ड का नाही?"

ती टिकल्या मोजू लागली. मोजलेल्याच पुन्हा मोजल्या, म्हणजे तिलाही तेच सुचले.

उजव्या बाजूची नथ अशुभ. असली बाई कोणाच्या भिंतीवर लावू द्यायची? ती नथ मी नीट पाहिलीसुद्धा नाही. पाहवेना. खळीचे बोट लावले, वर टिकली दाबली आणि डाव्या बाजूला मण्यांची नवी नथ चिकटवली. शंभरच्या शंभर चित्रांना तसेच करणार.

बुधवार, ता. २३ डिसेंबर

दौलतरावांना पत्र टाकले. सरळ विचारले — जलकन्येची नथ कोणी काढली? मी कर्जतला येऊ का?

दुर्गाची माणसे उद्या बोटीने रत्नागिरीकडे चालली. तिने माझाही डबा भरला होता! "चल. इथे कोणासाठी बसलीस?"

"पत्र इथल्या पत्त्यावर यायचं."

"पत्र, पत्र! गाठ आली म्हणजे पत्र वाचीत बसशील काय?" रागावली. मग गळ्यात पडून रडली. टिकल्यांची डबी मात्र व्यवस्थित मिटून दिली.

रविवार, ता. २७ डिसेंबर

दौलतरावांचे उत्तर — "चित्र आपल्या यजमानांनीच काढले. शंका नसावी. इकडे येऊ नये."

खोटे. माणूस खोटे लिहील, रेघा कशा लिहितील?

धोंडू आज चित्रे गुंडाळायचे नवे कागद घेऊन आला. तो परवाच कर्जतला जाऊन आलेला. विचारले, "घरच्यांना पाहिलंस का?"

"माका काय इचारतास, बाय?" म्हणाला आणि पुडके ठेवून वळला. मी दोन आणे पुढे केले. दोन आणे! त्याने घेतले नाहीत. "दौलतरावांनी सांगितलानी हा, तोंड उघडू नको."

आपणहून हमालीवर पाणी सोडणारा धोंडू आज पहिल्यांदा पाहिला.

शनिवार, ता. २ जानेवारी १८९७

रोज सकाळी कुंकवाची डबी उघडते आणि थांबते. लावू का? लावण्याचा अधिकार आहे ना? कोणाला विचारू? मग लावते, आणि लावल्यावर देवाकडे बघायचे धैर्य होत नाही. उजव्या हातात सहा बांगड्या, डाव्या हातात सात. एक नळावर पिचली. कासाराकडे जावे तर वाटते, भरेन आणि उद्याच —

पुढे लिहीत नाही.

मंगळवार, ता. १२ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला तीन बायका. मागच्या वर्षी एकतीस होत्या. रमाबाई वरच्या मजल्यावरच्या, वयाने मोठ्या. माझ्या कपाळाला बोट लावता लावता म्हणाल्या, "तिकडून खुशाली आहे ना?" मी "हो" म्हटले. सणाच्या दिवशी, देवासमोर.

गुरुवार, ता. १४ जानेवारी

सगळे क्रमाने लिहिते.

जलकन्येची नव्व्याण्णव चित्रे दुकानात गेली. एकावर समईचे तेल सांडले होते, ते उरले. चित्र फुकट गेले, पण टिकल्या कशाला घालवायच्या? पाणी लावून एकेक सोडवायला बसले. पदरावरच्या निघाल्या. मुकुटावरच्या निघाल्या. मग उजव्या नाकपुडीवरची.

तिच्याखाली ती नथ. दाराशी उजेडात नेली.

खालच्या मोत्याला टवका आहे.

तो टवका छापखान्यात दुसरे कोण काढील? दौलतराव? नवा माणूस? तो तर डाग समजून गाळील. माझ्या नाकातल्या मोत्याचा टवका मुद्दाम काढणारा जगात एकच माणूस आहे! नथ इकडचीच आहे. दुसऱ्या कोणाचा हात नाही. दुसरा हात आहे — डावा!

म्हणून रेघा उलट्या झुकलेल्या. डाव्या हाताने काढायचे तर आरसा कोणत्या हातात धरायचा? उजव्या. आणि उजव्यात धरता येत नाही, म्हणून आरशावाचून काढली, म्हणून चुकली. म्हणून कार्ड नाही!

आणि मी काय केले? शंभर वेळा टवक्यावर टिकली दाबली. तीन आठवडे खुशाली माझ्या बोटाखाली होती आणि ती मी झाकीत बसले होते.

तशीच चपला न घालता धोंडूच्या बिऱ्हाडी गेले. तो जेवत होता. उंबऱ्यातूनच म्हटले, "उजवा हात ना?"

घास हातात राहिला. "कोणी सांगितला?"

"चित्राने."

तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या! "काखेत गाठ इली होती, बाय. डाक्टरान चिरली. बारा दिवस शुद्ध नव्हती. वाचले! पण उजवो हात वर जाणा नाय." दौलतरावांनी सगळ्यांची तोंडे बांधली, कारण दुखण्याच्या घरातली चित्रे कोण विकत घेईल? आणि आमच्या घरच्यांनीही त्याला शपथ घातली होती. "म्हणाले, तिला सांगू नको, धावत येईल. आणि माझो हात बघून —"

"बघून काय?"

"आता काय खातलो आम्ही, असा म्हणत होते."

घरी येऊन समईत दोन वाती लावल्या. आज वेळ नाही बसायला. ट्रंक काढायची आहे.

शुक्रवार, ता. १५ जानेवारी

टपालात टाकलेल्या पत्राची नक्कल —

"नथीचा टवका सापडला. धोंडूवर रागावणे होऊ नये, त्याने शपथ मोडली नाही, मला आधीच कळले होते. पुढची चित्रे डाव्या हातानेच काढावी. आरसा मी धरीन. बोलावल्याशिवाय येऊ नकोस, असे सांगणे झाले होते, ते मोडवत नाही. पण सोमवारच्या पहिल्या गाडीचे भाडे वेगळे काढून ठेवले आहे. तरी डाव्या हाताने 'ये' एवढे एकच अक्षर, वाकडेतिकडे कसेही, लिहून उलट टपाली कळवावे."