तिमाहदितचं फाटक

तिमाहदित,
सोमवार, १२ जानेवारी २००४

लल्ला रकियाला तिच्या धाकट्या भावाचा, मिमूनचा सलाम.

तू बरी असशील. गुडघे दुखत असतील तरी घरभर फिरत असशील, आणि निरोप द्यायला आलेल्या पाहुण्यांना जेवल्याशिवाय उठू देत नसशील. सफियालाही सलाम. सफिया, पोरी, हे पत्र तूच वाचणार, कारण तुझ्या आईला कधी कुणी शाळेत घातलं नाही. सावकाश वाच. मामाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

गेल्या आठवड्यात सफियाचा वर्कशॉपवर फोन आला. म्हणाली, "मामा, आई शुक्रवारी सकाळी हजला निघतेय. सगळ्यांची माफी मागून झाली. शेजारणी, नणंदा, अगदी पावाच्या भट्टीवरची ती भांडखोर फद्मासुद्धा. आता फक्त तू राहिलास." मी म्हटलं, येतो. लल्ला, अकरा वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही, ते खरं. पण हजला निघालेल्या बहिणीनं माफी मागावी आणि भावानं तोंड फिरवावं, इतका मी वाईट नाही.

काल सकाळी टँजिअरहून रिसानीला, तुमच्याकडे यायला निघालो. हो, मोटरसायकलवरच. तुझं ते 'लोखंडी गाढव' अजून चालतं. रेडिओवर सांगत होते की समुद्रावरून वादळ येतंय, म्हणून किनाऱ्याचा रस्ता सोडून आतून, वझ्झानच्या डोंगरातून आलो. जॅकेटच्या आत वर्तमानपत्रं, मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या. पश्चिमेला अंधारून आलं की मी पूर्वेचा फाटा धरायचो. असं करत मेकनेसपर्यंत जवळजवळ कोरडा आलो, आणि गावाच्या तोंडाशी गारांनी झोडपलं. एका पंक्चरवाल्याच्या छपराखाली दोन तास काढले.

"या वयात, या हवेत, तेही एकटेच?" त्यानं विचारलं.

"बहिणीकडे चाललोय."

"बहीण तरी शहाणी आहे ना?" म्हणाला, आणि पुढ्यात चहा ठेवला.

आज अझरू सोडलं आणि बर्फ सुरू झाला. इथं तिमाहदितला फाटक पडलंय, झादची खिंड बंद आहे. ट्रक, बसगाड्या, मेंढ्यांचे टेंपो, सगळी रांग गावाबाहेरपर्यंत गेलीय. मी कॅफेत शेगडीजवळ बसून लिहितोय. फाटक उघडलं की निघेन, काळजी करू नकोस. हवेपुढं कुणाचं काय चालतं? तुला नव्यानं काय सांगायचं? आई गेली तेव्हाही मला याच फाटकानं अडवलं होतं, आणि तिला माती द्यायला तू माझ्यासाठी थांबली नव्हतीस.

असो. तो विषय आता नको. मी तुला माफ करायलाच येतोय.

मंगळवार, दुपार

लल्ला, वरचं फाडून टाकणार होतो. पण राहू दे. माणूस किती सराईतपणे खोटं लिहितो, तेही सगळ्यांना ऐकू दे.

सफिया, आता जरा मोठ्यानं वाच. खोलीत जे कोणी बसले असतील त्यांना बाहेर घालवू नकोस. फद्मा आली असेल तर तिलाही पुढं बसव. अकरा वर्षांपूर्वी मी अंगणात ओरडलो तेव्हा ती सगळ्यात पुढं होती.

फाटक आज सकाळी नऊ वाजता उघडलं. इंजिनं सुरू झाली, मेंढ्या ओरडल्या, तासाभरात रस्ता रिकामा झाला. मी निघालो नाही. साखळीला तेल घातलं. मग काच पुसली. मग पुन्हा तेल घातलं. टँजिअरला तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस मी, साखळीला किती तेल लागतं ते मला कळत नाही असं नाही.

फाटकावर बा हद्दू नावाचे म्हातारे आहेत. बर्फ पडला की ते फाटक पाडतात, रस्ता साफ झाला की उचलतात. जन्मभर तेवढंच काम केलंय, आणि या वसंतात निवृत्त होणार आहेत. ते हात शेकायला आत आले आणि माझ्यासमोर बसले.

"सगळे गेले की हो. तुमचं काय, गाडी बिघडली?"

"नाही."

"मग? उद्या संध्याकाळी परत बर्फ आहे. मी फाटक पाडलं की मग मला शिव्या घालू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग खिडकीतून गाडीकडे. म्हणाले, "तुम्ही पूर्वी एकदा इथं होता ना? असंच फाटक उघडलं होतं आणि तुम्ही एकटेच बसून राहिला होता."

हे एकदाच लिहितो. आई गेली त्या दिवशी झादची खिंड उघडी होती. सकाळी आठपासून उघडी होती. 'दोन दिवस फाटक बंद होतं' हे मी तुम्हाला सांगितलं, टँजिअरला सांगितलं, माझ्या बायकोला सांगितलं, आणि पुढं पुढं तर मलाही ते खरं वाटायला लागलं. आदल्या संध्याकाळी अझरूहून मीच तुमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे फोन करून निरोप ठेवला होता की उद्या दुपारपर्यंत पोहोचतो. आणि सकाळी इथं येऊन बसलो तो बसलोच.

मला भीती वाटली, लल्ला. सात महिने तू तिला उचललंस, धुतलंस, चमच्यानं भरवलंस. मी त्याआधी तीन वर्षं घरी फिरकलो नव्हतो. तिनं डोळे उघडून 'आलास का रे' म्हटलं असतं, तर मी कुठं बघितलं असतं? म्हणून बसलो. मनात एवढंच होतं की मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असावं. आणि आटोपलेलं होतं, तेव्हा अंगणात उभा राहून तुझ्यावरच ओरडलो, "माझ्या आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस! एवढी घाई कशाची होती?" बायका तोंडाला ओढणी लावून तुझ्याकडे बघत होत्या. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तुला बोलायला तोंडच राहिलं नाही.

बा हद्दूंना मी विचारलं, "इतक्या वर्षांपूर्वीचं तुम्हाला कसं आठवतं?"

"त्या बाईमुळे."

"कुठली बाई?"

"रिसानीची. आमच्या फाटकावरच्या खोलीतला फोन फक्त कामाचा, बाहेरचं कुणी त्यावर फोन करत नाही. तिनं कुठून नंबर मिळवला देव जाणे. सकाळी फोन आला, रस्ता उघडलाय का? म्हटलं, उघडलाय. दुपारच्या नमाजाच्या आधी परत. म्हटलं, बाई, रस्ता सकाळपासून मोकळा आहे, तुमचा माणूस येईल. तर म्हणाली, पहाटे आई गेली, सगळे म्हणतायत मयत उचला, मी भाऊ येतोय म्हणून थांबवलंय." म्हाताऱ्यांनी हात शेगडीवर धरले. "असरची, तिसऱ्या प्रहरची बांग व्हायच्या आत तिसऱ्यांदा फोन आला. तिकडे मोटरसायकलवाला कुणी अडकलाय का, पडलाबिडला तर नाही ना, असं विचारत होती. मी येऊन या कॅफेच्या दारातून डोकावलो. परत जाऊन सांगितलं, आहे की, धडधाकट आहे, इथंच बसलाय. निरोप देऊ का?"

"काय म्हणाली?"

"बराच वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, नको. त्याला काही सांगू नका. फक्त परत बर्फ पडायच्या आत त्याला निघायला सांगा."

लल्ला, ते खरंच आले होते मला सांगायला. एका म्हाताऱ्यानं टेबलाशी येऊन 'निघा आता, हवा फिरतेय' म्हटलं होतं, एवढं मला आठवतं. मी त्याला काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी वाकडंच बोललो असणार.

म्हणजे तुला ठाऊक होतं. अंगणात मी ओरडत होतो तेव्हाही, आणि नंतरची अकरा वर्षं, गाव तुला भावाला आईचं तोंड न दाखवणारी म्हणत होतं तेव्हाही. एक शब्द बोलली असतीस तर सगळं माझ्यावर आलं असतं. तू बोलली नाहीस, आणि आता हजला निघताना माझीच माफी मागतेस. कशाची? तू दुपार टळून जाईपर्यंत आईला घरात ठेवलंस, सगळ्यांची बोलणी खाल्लीस, माझ्यासाठी. फद्मा, तू ऐकतेयस ना? ती थांबली होती. मीच आलो नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू लगेच 'जाऊ दे रे' म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. मला तसं सुटायचं नाही. आता दीडची रिसानीची बस इथं थांबलीय, ड्रायव्हर हे पाकीट रात्री तुमच्याकडे पोचवेल. सकाळी सगळे न्याहारीला जमले की वाचा. मी बसच्या मागून निघतोय. रात्रीचा मुक्काम मिडेल्तला करीन आणि उद्या दुपारी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबेन. दारापर्यंत येणार नाही. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर शुक्रवारी तुझी गाडी जाताना लांबून बघेन. त्यात तुझी काही चूक नसेल, हेही सफिया, मोठ्यानं वाच.

तुला माफ करण्याजोगं माझ्याकडे काही नाही, लल्ला. कधीच नव्हतं. तिथं पोचलीस की आईसाठी दुआ माग, पोरांसाठी माग. माझं नाव घ्यावंसं वाटलं तरच घे.

रस्ता मोकळा असूनही न आलेला,
तुझा भाऊ
मिमून