तिसरा फेरा

१९ नोव्हेंबर, दुपार

सौ. धाकटीस मोठीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडू लागली, सांधे कुरकुरतात, पण भूक लागते आणि रात्री झोपही येते. हे पत्र शिंपीणबाई नव्या अभ्र्यांच्या घडीत घालून आणतील. वाचलंस की जाळून टाक. मनगट कसं आहे? दुखलं तरी बोटं हलवत जा.

तुझ्या नवऱ्याचा गुडघा फुटल्याचं ऐकलं, वाईट वाटलं, असं मी लिहिणार होते. माझ्या अंगणातल्या पायरीवरून पडलो, असं भाऊजी सगळ्यांना सांगतात म्हणे. त्या पायरीचं मागाहून. आधी गाडीचं.

ह्यांची गाडी मी घरीच दुरुस्त केली. हसू नकोस. त्या दिवशी तुला घेऊन निघाले आणि चढावर तिने पांढरा धूर सोडून दगा दिला, तेव्हाच कळलं होतं की हेड गॅस्केट गेलं. इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. तेवढा फाटला की पाणी तेलात जातं आणि गाडी उकळते. तेलाचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चहासारखा फेस.

तुला ठाऊक आहे, अक्षरं मी डब्यांवरची जोडून जोडून शिकले. पहिलं अख्खं पुस्तक वाचलं ते ह्यांचं गाडीदुरुस्तीचं. कादंबऱ्या नंतर आल्या. ते पुस्तक बोनेटपाशी उघडं ठेवलं, ह्यांचा जुना डगला चढवला आणि लागले कामाला. गॅरेजवाला म्हणाला, "काकू, भंगारात द्या ही म्हातारी." म्हटलं, "मला कोणी भंगारात घेत नाही, म्हणून हिलाही देत नाही." तेव्हा त्याने हेड घासून सपाट करून दिलं आणि टॉर्क पाना उसना दिला. बोल्ट हवा तेवढा आवळला गेला की हा पाना टक् वाजतो. तिथे थांबायचं.

बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळायचे. मध्येच सोडलं तर गॅस्केट एका अंगाला दबतं आणि सगळं मुसळ केरात. हे म्हणायचे, "हेड बसवताना यम दारात आला तरी त्याला बस म्हणायचं." ह्यांच्या वेळी तो बसला नाही. असो.

दुसरा फेरा चालू असताना भाऊजी आले.

"वहिनी, गाडी कोणासाठी?"

"विकायची आहे."

"विकायच्या गाडीसाठी एवढा घाम?"

मी पुढचा बोल्ट आवळला. मागच्या सीटवर तुझे बूट होते, त्या दिवशी राहिलेले. त्यांनी ते पाहिले, एक उचलून माझ्या तोंडावर मारला. मग केस धरून कपाळ बोनेटच्या कडेवर आपटलं. कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळलं, तेव्हा पुढचा बोल्ट बोटांनी चाचपला. टक्. पाठीत लाथ बसली. टक्. तू वेडी म्हणशील, पण माझ्या मनात एवढंच होतं की हा फेरा सुटला तर तुझं निघणं सुटलं.

मग त्याने पेटीतला हातोडा घेतला. इथून पुढे अहोजाहो मला जमत नाही. "आधी ही गाडी फोडतो," तो म्हणाला, "मग तिचा दुसरा हात."

माझा फेरा संपला होता. टॉर्क पाना उसना, नाजूक, म्हणून फडक्यावर नीट ठेवला. अडलेले बोल्ट सोडवायला वापरलेला लोखंडी पाइप पायाशी होता. तो उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हातोडा पडला, पाठोपाठ तो पडला. ओरडलासुद्धा नाही. घरातल्या खुर्चीने चावा घ्यावा तसा माझ्याकडे बघत राहिला.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. हे फक्त तुला सांगते आहे. तो खाली होता, हातोडा माझ्या पायाखाली. पण मला तो चढ आठवला, गाडी बंद पडल्यावर त्याने आपल्याला गाठलं तो. त्याने तुझा हात गाडीच्या दारात धरून दार लावलं होतं, उघडून पुन्हा लावलं होतं, आणि तिथल्या पेट्रोल पंपावरचे दोघे "घरातलं भांडण आहे" म्हणत हात पुसत उभे होते. "वहिनी, बस," तो म्हणाला. मी त्याच गुडघ्यावर दुसरा घाव घातला. पहिला रागाचा होता. दुसरा जागा बघून घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मग तिसरा फेरा केला. तो कण्हत होता, मी क्रम चुकू नये म्हणून मोठ्याने म्हणत होते. शेवटचा बोल्ट झाल्यावर हात धुतले, त्याला पाणी पाजलं, दवाखान्याची गाडी बोलावली. "सांगा, वहिनीने मारलं," म्हटलं. "पडलो," तो म्हणाला. बाईने मोडलेला पाय चारचौघांत कसा मिरवणार?

ह्यांचा तो सख्खा भाऊ. लहानपणी ह्यांच्या खांद्यावर बसून हिंडलेला. पाइप उचलल्यापासून ह्यांच्या फोटोकडे मी नीट पाहिलेलं नाही. पश्चात्ताप होतो का, ते शोधते आहे. झोप येते, हे वर लिहिलंच.

शिंपीणबाई सांगतात, तो आता रडतो, तुझ्या हातून घास घेतो, आणि तू म्हणालीस, "आता कसं सोडून जाऊ?" धाकटे, पाय मोडलाय त्याचा. हात शाबूत आहेत. आणि पायही जुळेल.

काल तोच चढ चढून आले. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेपाशी जाऊन थांबला, तेल स्वच्छ. गुरुवारी त्याला तपासायला नेतील. औषध आणते म्हणून बाहेर पड. दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी मी इंजिन चालू ठेवून बसेन. तुझे बूट पुसून ठेवले आहेत.

नाही आलीस तरी मी रागावणार नाही. पण तो उभा राहिला की तुझ्यावर हात टाकणार, आणि मला पुन्हा पाइप उचलावा लागणार. त्या वेळी मी गुडघ्यापाशी थांबेन, असं मला वाटत नाही. तेवढं माझ्या हातून होऊ देऊ नकोस.

तुझ्या बाजूचं दार आतून उघडून ठेवणारी,
मोठी