डाव्या पायाचे बूट

९ फेब्रुवारी

शेगडी नेली मेल्यांनी! शेगडी, दोन पातेली आणि माझी चांगली शाल. मी पाण्याच्या रांगेत, सासूबाई मैदानातल्या तंबूत, आणि वर आमच्या खोलीत कुणीतरी शिरून हात साफ करून गेलं. पोलिसांच्या वसाहतीत! पोलिसाच्याच घरी! भूकंपातून भिंती वाचल्या, पण माणसांनी काही सोडलं नाही.

हे ड्यूटीवरून आल्या आल्या त्यांना सांगितलं. हे म्हणाले, "वरून हुकूम आलाय. लुटताना कुणी दिसला की सरळ गोळी."

"घालाच," मी म्हटलं. सासूबाईंनीही मान हलवली. लग्नापासून आमचं दोघींचं एकमत झालेलं हे पहिलंच असेल.

१० फेब्रुवारी

मी कामाला जाते ती हॉस्पिटलची लाँड्री चालू झाली. मागची भिंत गेलीय, पण यंत्रं धडधडतायत. चादरींचे ढीग येतात. कुणाच्या, ते विचारायचं नाही.

इस्त्रीवाली भेटली. तिथं माझं खरं बोलणं फक्त तिच्याशी. तिचं घर पार झोपलं. नवरा रंगारी, तो आणि पोरं बचावली, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आहेत. म्हणाली, "नेसत्या कपड्यांवर पळालो गं, अनवाणी. तिकडे सगळ्या काचाच काचा. पोरांचे पाय बघवत नाहीत."

११ फेब्रुवारी

यांनी आज बाजारात एकाला पाडलं. सासूबाईंनी तंबूतंबूत जाऊन सांगितलं — "एकाच गोळीत! माझा लेक आहे तो!" शेजारीण म्हणाली, "आता बसेल जरब." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

हे जेवले नाहीत. दमले असतील.

१२ फेब्रुवारी

रंगारी होता तो. इस्त्रीवालीचा नवरा.

लाँड्रीत पाऊल टाकलं तर सगळ्यांनी माना चादरींत घातल्या. शेवटी वॉर्डातली नर्स कपड्यांची गाडी ढकलत आली, तिनं सांगितलं. गोळी पाठीत. गोणी त्याच्या सोबतच आणली होती हॉस्पिटलात, आत बूट. फुटक्या शोकेसमधले उचललेले. लहान मुलांचे, बायकांचे, मोठ्या माणसांचे — आणि सगळे डाव्या पायाचे! दुकानदार मांडताना एकच ठेवतो ना बाहेर. घाईत त्याच्या लक्षातही आलं नसेल. अख्ख्या गोणीत एक जोड नाही.

चोरीच ती. चोरी नाही असं मी म्हणत नाही. पण पाठीत?

१३ फेब्रुवारी

ती आज कामावर आली! कुणी बोलावलं होतं? टेबलाशी उभी राहिली आणि एकेक चादर अशी दाबत होती, जसं काही इस्त्रीखाली कुणाचा गळा आहे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला एवढंच विचार. आधी ओरडला का?"

आम्ही आता पुन्हा वर खोलीत राहतोय. घरी आल्यावर विचारलं. हे ताटावर बसले होते.

"आधी आवाज दिलात का त्याला?"

"वेळ कुठे होता?"

"तो पाठमोरा होता. पळत होता. म्हणजे वेळच वेळ होता!"

"तू नव्हतीस तिथे. धूळ, आरडाओरडा, साहेब मागून ओरडतायत — घाल, घाल! मी घातली. झालं?"

"झालं," मी म्हटलं आणि त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

आता इथे 'हे' लिहायला हात धजत नाही. तो. तोच पुरे त्याला.

१५ फेब्रुवारी

साहेबांनी पाठ थोपटली त्याची. आता असं ठरलंय — दोनदा इशारा दिला, रंगारी लोखंडी गज घेऊन अंगावर आला, नाइलाज झाला.

तो दाढी करत होता. विचारलं, "गज कुठून आला?"

"पडक्या गल्लीत गजांना काय तोटा? साहेबांनीच ठेवला त्याच्या हाताशी."

"आणि तुम्ही बघत राहिलात?"

"मग काय करू? नोकरीवर लाथ मारू?" गालाला कापलं त्याला. रक्त आलं. मी कापूस दिला नाही.

१६ फेब्रुवारी

चौकशीला बाहेरून अधिकारी आलेत. शाळेच्या वर्गात बसतात. ज्याला जे सांगायचंय त्यानं यावं, असं गाडीवरून पुकारत होते.

मी उद्या जाणार, असं सासूबाईंसमोरच म्हणाले. लपवायचं कशाला?

त्या एकदम उठल्या. "ज्या ताटात जेवतेस त्यात माती कालवतेस? एका चोरासाठी?"

"चोराला पकडायचं असतं, आई."

"मग शेगडी गेली तेव्हा कोण म्हणालं होतं, घालाच म्हणून?"

तोंडात मारल्यासारखं झालं. बोलले तर होतेच! तरी जाणार. आणि तो? तो दारात उभा. अडवलं नाही, की जा म्हणाला नाही. फक्त बूट पुसत राहिला, पुसलेलेच. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

१७ फेब्रुवारी

सांगून आले. आवाज दिला नाही, गज नव्हता, गोळी पाठीत. साहेबांचं नावही घेतलं.

अधिकारी चष्म्यावरून बघत होते. "बाई, नवऱ्याविरुद्ध बोलताय. कळतंय ना?"

"कळतंय. तुम्ही लिहून घ्या."

परत आले तर माझी ट्रंक जिन्यात. सासूबाईंनी आतून कडी घातलेली. वाजवत बसले नाही. इथेच ट्रंकेवर बसून लिहितेय. वरचे, खालचे, सगळे मला ओलांडून जातात, कुणी वाट मागत नाही. जाऊ देत! इस्त्रीवालीला तरी उद्या मान वर करून सांगेन.

१८ फेब्रुवारी

आमच्याच इमारतीतली खालची रिकामी खोली इस्त्रीवालीला मिळाली. किल्ली साहेबांनी स्वतः दिली. पोरांना आत लोटून ती जिना चढून माझ्यापाशी आली.

"तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? गज घेऊनच तो निघाला होता, असं मी परवाच सांगून आलेय, त्यावरच ही खोली मिळालीय. गेला तो गेला, पोरं उघड्यावर होती माझी." मग माझा दंड धरला, घट्ट. "आत्ताच्या आत्ता जा. सांग त्यांना, खोटं बोलले म्हणून."