दोन बोटं जास्त

डोंगरकडा, ४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. देविदासमामांस,
प्रतिक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ऐकता कमी आणि हवालदारकी करता जास्त, म्हणून पत्र. फौजेच्या कॅनव्हास पिशवीचा आपला नमुना नापास होऊन परत आला. कापड पास, शिलाई पास, पण लांबी तीन सेंटिमीटर जास्त! कापणी अल्लाबक्षचाचांची. चाळीस वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन बोटं झुकतं माप देत आलेत, मग जवानालाच काटेकोर कसं देतील? आणि मीही इथलीच, मोजून पाहायचं सुचलंच नाही.

चाचा रुसलेत. जास्त देल्लं म्हून कोनी कान धरते काय, असं म्हणून त्यांनी कात्रीच ठेवून दिली. वीस दिवसांत दुसरा नमुना गेला नाही तर आपण टेंडरमधून बाद. आधीच कागद जुळवण्यात वर्ष गेलं. अनुभवाचा दाखला मागतात, पण काम दिल्याशिवाय अनुभव यायचा कुठून? शिलाईवरच्या सहा बायकांना मी दिवाळीपर्यंतचं काम कबूल करून बसलेय. मामा, मला खरंच भीती वाटतेय. चाचांना समजावा, तुमचं ते ऐकतात.

मामींना नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची भाची,
प्रतिक्षा

पुणे, ९ ऑगस्ट २०२५

चि. प्रतिक्षास,
अ. उ. आ.

बावीस वर्षं फौजेत काढली, पण प्रेमापोटी नापास झालेला माल पहिल्यांदाच ऐकला. पुढचं चाचांना वाचून दाखव.

चाचा, बराकीत पिशवी लोखंडी कप्प्यात ठेवावी लागते. कप्पे सगळे सारखे. भरलेली पिशवी दोन बोटं जास्त झाली की दार लागत नाही, आणि शिक्षा जवानाला होते, शिंप्याला नाही. अशाच एका लांब पिशवीपायी मी भर उन्हात मैदानाला दहा फेऱ्या मारल्यात. तीही तुमच्यासारख्याच कुणा दिलदार माणसानं कापली असणार.

पोरी, तू पत्र्याचा साचा करून घे आणि त्याच्या कडेनंच चाचांची कात्री चालू दे. जमल्यास तुझ्या मामीच्या मिठाच्या हातासाठीही एक साचा पाठव.

घरी सर्वांस आशीर्वाद. मामीला यातलं काही कळवू नये, एवढा लोभ असावा.

देविदासमामा

डोंगरकडा, १६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दहा फेऱ्यांचं वाचून दाखवल्यावर चाचा, लेकराला पळावं लागलं व्हय, एवढंच पुटपुटले आणि त्यांनी कात्री उचलली. साच्यावर कापून झाल्यावरही तीनदा टेप लावून पाहिली. मामा, नमुना पास झाला! चारशे पिशव्यांचं काम मिळालं. मी रडले, आणि बायकांनी तेवढ्यात पेढ्यांचा खर्च माझ्याच गळ्यात मारला.

सोबत पार्सल आहे. नापास पिशवीवर चाचांनी तुमचं नाव शिवलंय. देविदासला आता कोनी पळवत न्हाई, त्याला दोन बोटं जास्तच पाहिजेत, असं म्हणाले.

लोभ असाच झुकत्या मापानं असू द्या.

प्रतिक्षा

पुणे, २२ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिक्षास,
अ. उ. आ.

पिशवी पोचली. मोजून पाहिली. तीन सेंटिमीटर जास्त आहे, आणि तुझ्या मामीनं कपाटात मला दिलेल्या एकुलत्या कप्प्यात ती मावत नाही. नियमानं नापास.

चाचांना सांग, परत मिळणार नाही.

देविदासमामा