व्हिव्हिए ऊर्फ लाबोंते

१७ एप्रिल १९६८

बाबांच्या थडग्याचा दगड कोरणारा दगडवाला फोनवर ताटकळला होता. "नाव सांगा इमेल्डाबाई, छिन्नी हातातच आहे." आर्सेन व्हिव्हिए, म्हटलं. मग पत्र आठवलं. थांबा, म्हटलं. फोन ठेवला.

पत्र बाबा जन्मले त्या वरच्या गावच्या पाद्रीबाबांचं. दगडावर जन्मतारीख हवी म्हणून बाबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल मागवली होती. उत्तर दोन ओळींचं. व्हिव्हिए आडनावाचा कुणी आमच्याकडे जन्मलेला नाही!

बाबा जानेवारीत गेले, तेव्हापासून दफनभूमीतल्या दगडी खोलीत आहेत. जमीन गोठलेली. ती मऊ झाली की दफन.

अजून रडू आलेलं नाही.

१८ एप्रिल

ओव्हिलाला पत्र दाखवलं. "म्हणजे बाबा जन्मलेच नाहीत! मग मेले कसे गं ताई?" हसला. कुणी हसत नाही म्हटल्यावर सूप ओढत बसला.

आई विणत होती. मान वर न करता म्हणाली, "लाबोंते या नावाखाली बघ."

मला कसं सुचलं नाही! पहिला पुरुष फ्रान्सहून क्वेबेकला शिपाई म्हणून आला — व्हिव्हिए ऊर्फ लाबोंते. मागचं नाव पलटणीतलं. पुढे पोरांनी वाटून घेतलं. कुणी पुढचं लावलं, कुणी मागचं. आमच्याकडे निम्म्या घरांत हेच. शाळेत मुलांना मीच शिकवते.

२० एप्रिल

बसने वरच्या गावी. बर्फाचा चिखल झालाय. बूट आतपर्यंत ओले.

पाद्रीबाबांनी नोंदवह्या काढून दिल्या. "पहिलं नाव सोडून द्या, मास्तरीणबाई. इथे सगळे पुरुष जोसेफ, सगळ्या बायका मारी."

जोसेफ आर्सेन लाबोंते, १९०२. सापडले.

तिथेच थांबायला हवं होतं. पुढची वही उघडली. १९२९ — आर्सेन लाबोंतेचं लग्न, एक्झिल्डा मोर्नो हिच्याशी.

माझ्या आईचं नाव रोझ-एमे शुइनार.

१९३१. दफन. एक्झिल्डा मोर्नो, आर्सेन लाबोंतेची बायको, वय चोवीस. खालच्याच ओळीत मारी इमेल्डा, त्यांची मुलगी, वय चार दिवस.

मी १९३४ची.

सगळं उतरवून घेतलं. अक्षर नीट आलं.

"तिच्या थडग्यावरचा क्रूस आहे अजून," पाद्रीबाबा म्हणाले. "शेजारची जागा त्याने स्वतःसाठी राखली होती. मग खाली तुमच्या गावी गेला, आडनावाचं दुसरं टोक धरलं. परत आला नाही."

क्रूस पाहिला. बसला चाळीस मिनिटं होती. थांब्यावर उभी राहिले.

२१ एप्रिल

रविवार. काही नाही.

२२ एप्रिल

जेवताना नोंदी उतरवलेली वही आईपुढे ठेवली, राखलेल्या जागेचंही सांगितलं. तिने चष्मा लावला नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"तुझं नाव मीच ठेवलं. त्या गेलेल्या लेकीचं नाव तो तोंडातून काढेना. मी म्हटलं, त्या नावाला घरात कुणीतरी ओ द्यायला हवी." मग म्हणाली, "पाव घे. थंड होतोय."

ओव्हिला उसळला. "म्हणजे आता बाबांना वर नेऊन टाकायचं? इथे तुमची दोघांची जागा घेऊन ठेवलीय! लोक काय म्हणतील? पस्तीस वर्षं संसार केला तो हिच्याबरोबर ना!"

"हळू बोल," आई म्हणाली. "बहिरी नाहीये मी."

भांडी तिने घासली. मी पुसली. दगडाचं तसंच राहिलं.

२३ एप्रिल

सकाळी साडेसातला आईने दगडवाल्याला स्वतः फोन केला. "व्हिव्हिए ऊर्फ लाबोंते. हो, अख्खं. दगड वरच्या गावी पोचवा. त्याच्या खाली एक्झिल्डा, तिच्या खाली लेक." पलीकडून त्याने काही विचारलं. "माझं? माझं माझ्या बापाच्या दगडावर. शुइनार."

फोन ठेवला आणि मला नावाने हाक मारली. मी ओ दिली.