शस्त्रक्रिया पूर्ण यशस्वी

२४ ऑगस्ट
कोल्हापूरच्या हॉस्पिटलातून फोन. खोकला-शिंक आली की लघवी सुटे, त्यासाठी सौ. प्रभावतीचे ऑपरेशन होऊन दहा वर्षे झाली. आता कसे आहे, अशी विचारणा. फोन माझ्या हाती, म्हणून उत्तर मीच दिले: पूर्ण यशस्वी. माहिती मोघम देऊ नये. सौ. शेजारीच तांदूळ निवडत होती. तिने हरकत घेतली नाही; म्हणजे संमती.

२८ ऑगस्ट
मुलाच्या, गौरवच्या लग्नापासून सौ. माजघरात झोपते. कारण निर्विवाद आहे: माझे घोरणे. संकल्प: डाव्या कुशीवर झोपणे, रात्रीचे जेवण हलके. महिन्याभरात ती खोलीत परत येईल.
(रात्री सात मोदक. सणात पथ्य अव्यवहार्य.)

१ सप्टेंबर
गौरीपूजन. वाडीतल्या बायकांनी सौ.ला फुगडीला ओढले. सगुणावहिनी म्हणाल्या, कंबर गहाण टाकलीस काय गो? ती म्हणाली, वय झालं. मी ओटीवरून सर्वांना सांगितले की ऑपरेशन पूर्ण यशस्वी आहे, तिला खुशाल नाचवा. सौ. आत गेली. लाजली असावी.

७ सप्टेंबर
परसातल्या दोरीवर, साड्यांच्या आड, मेणकापड वाळत होते. तान्ह्या मुलाखाली घालतात ते. निष्कर्ष उघड: सूनबाई श्रद्धाकडे गोड बातमी आहे. गौरवला मुंबईस फोन करून अभिनंदन केले, दोन नावेही सुचवली. तो म्हणाला, बाबा, ते आईचं आहे. श्रद्धानेच आणून दिलंय.

८ सप्टेंबर
सौ.ला विचारले, मला का सांगितले नाहीस. म्हणाली, तुम्ही गावभर सांगत होतात बरी झाली म्हणून. मग मी कुणाला सांगू?
दुरुस्ती आवश्यक होती. हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारले, त्रास पुन्हा कधीपासून. मला ठाऊक नव्हते. फोन सौ.ला दिला. ती म्हणाली, मुलाच्या लग्नाच्या आधीपासून.
त्या लग्नात ती मंगलाष्टकांच्या मध्येच उठून गेली होती. मी आठवडाभर अबोला धरला होता.
पुष्कळांना पुन्हा त्रास होतो, उपाय आहेत, दाखवायला या, असे बाई म्हणाल्या. मी रजा टाकतो म्हटले. सौ. म्हणाली, श्रद्धा येत्येय माझ्यासोबत.
संध्याकाळी माझी गादी माजघरात नेली. ती म्हणाली, अहो, राहू द्या. मला आता एकटीची सवय झाली.
गादी परत आणली. डाव्या कुशीवर झोपून पाहतो.